डाळिंब का भरता?

(उझबेकिस्तानातलं नुराता गाव. ओसरीवर आई मोठ्या सुझनीवर, म्हणजे भिंतीवर टांगायच्या कापडावर, भरतकाम करते आहे. बाबा चहा ओतताहेत. मोहिरा नुकतीच शाळेतून आली आहे.)

मोहिरा : आई, खरं सांग हं. तू ही फुलं-फळं भरतेस, त्यांचा अर्थ तुला माहीत असतो का गं?

आई : दप्तर ठेव आधी. कोणी पढवून पाठवलंय?

मोहिरा : मैत्रिणींनी पैज लावली. म्हणे, तुझी हिंमतच नाही विचारायची!

बाबा : हिची हिंमत? शाळेचा वाचनफलक हातात आल्यापासून घरात आम्हाला बोलायची चोरी झालीय.

मोहिरा : बाबा! फलकावर पाच नवी पुस्तकं सुचवायचीत. कला, श्रद्धा, समीक्षा... सगळं मीच निवडणार. पहिलं त्या ताश्कंदच्या बाईंचं. सुझनीवरचं.

आई : आपल्याकडे चार दिवस राहिल्या, त्यांचं? अगंबाई! पुलाव दोनदा मागून घेतला होता त्यांनी.

मोहिरा : त्यांनी लिहिलंय, ‘नुरातातल्या एका बाईला विचारलं, डाळिंब का भरता? ती म्हणाली, ठाऊक नाही. हे हात परंपरा पुढे नेतात, पण न समजता.’

बाबा : सनोबर, ही तर तू.

आई : हो. म्हणाले होते मी तसं.

मोहिरा : पण का? वर्गात हे वाचलं तेव्हा सगळ्या हसल्या. मीसुद्धा हसले, आई. ती तू आहेस हे सांगितलंच नाही मी.

आई : इकडे ये. अगं, मनात दुआ धरून भरायचं, आणि शेवटचा टाका पडेपर्यंत ती बोलायची नाही. माझ्या आजीनं तसंच शिकवलंय. हीच सुझनी होती तेव्हा हातात. अर्धीसुद्धा झाली नव्हती.

बाबा : मग ‘सांगणार नाही’ म्हणायचंस.

आई : पाहुणीला? तोंडावर? ठाऊक नाही म्हटलं, विषय संपला.

मोहिरा : संपला कुठे, छापून आला! बरं, दुआ कुणासाठी आहे?

आई : अजून वीतभर काम बाकी आहे.

मोहिरा : म्हणजे माझ्यासाठी!

आई : चहा पी.

बाबा : काढून टाक ते पुस्तक यादीतून.

आई : कशाला? बाकीचं चांगलं लिहिलंय ना?

मोहिरा : फार चांगलं. म्हणून तर जास्त राग येतो.

आई : मग राहू दे. वाचू देत पोरींना.

मोहिरा : ठरलं. आई, बाबा, ऐका. पुस्तक पहिल्याच नंबरावर राहणार. आणि त्याच्याखाली मी माझ्या अक्षरात लिहिणार : यातली ती नुरातातली बाई माझी आई आहे.