आधी सनई, मग नदी

— नाही हो भावोजी, असे उंबऱ्यावरूनच कसे जाता, पत्रिका हातात ठेवली आणि वळलात, आपल्याकडे अशी पद्धत आहे का — बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो, इकडे पलंगावर बसा पंख्याखाली. चहा टाकलाच आहे, साखर कमी, माहितीय मला. बघू तरी पत्रिका — अरे वा, फोटो पण छापलाय. 'संपातले लढवय्ये, मंडळाचे आधारस्तंभ बाबुराव' — छान. शाल, श्रीफळ, मानपत्र. व्हायलाच हवं. या चाळीत तुमच्याइतकं कोणी कोणाचं केलं असेल? मी तर सगळ्यांना सांगते, आमचे हे गेले तेव्हा नम्रता आठ-पंधरा दिवसांची, आणि हे बाबूभावोजी सख्ख्या दिरासारखे उभे राहिले. दूध कोणी आणून दिलं? यांनी. मला शिवणाच्या कारखान्यात कोणी चिकटवलं? यांनी. नम्रताच्या लग्नात मामाच्या जागी कोण उभं होतं? हेच. सांगते मी. आता-आतापर्यंत सांगत होते.

टीव्ही ना? मीच लावलाय, राहू दे तसाच. दुपारची भांडी झाली की लावते. श्रेयाने यादी करून दिलीय — नम्रताची धाकटी हो, तुमच्या खांद्यावर बसून राजाच्या दर्शनाला जायची ती — जुने, नावाजलेले सिनेमे, मरायच्या आधी बघायलाच हवेत असे. तसंच लिहिलं होतं तिच्या फोनमध्ये, मरायच्या आधी, वाचता वाचता पोरगी चपापली, मी म्हटलं असू दे गो, वेळेवर दिलीस. तुम्हाला तर ठाऊकच आहे, त्या गणपतीनंतर मी सिनेमा बघितला नाही. थेटरात नाही, टीव्हीवर नाही, शेजारी लागला तर दार लोटून घ्यायचे. पण श्रेया हट्टाला पेटली, आजी किती दिवस घाबरणार, पडद्यावर भूत आहे काय. मग बसले. पहिल्या दोन-चारांत जीव रमला नाही, रडारड फार, आणि त्या बाया इतक्या हळू बोलतात की मी आवाज वाढवायचे आणि मग गाणं लागलं की शेजारचा निलेश भिंतीवर थापा मारायचा. नंतर गोडी लागली. काम करत होते तोवर एका जागी दोन तास स्वस्थ कोणी बसू दिलं होतं मला? नाहीच.

आणि मग यादीत तो आला. तोच — त्या रात्रीचा.

घ्या ना चहा. निवेल.

नाव वाचलं आणि रिमोट खाली ठेवला मी. श्रेया म्हणाली काढून टाकते, मी म्हटलं नको, राहू दे, एकदाचं बघू. कारण भावोजी, मी तो बघितलाच नव्हता कधी. मी गावाला होते ना बाळंतपणाला. पण तो सिनेमा मला तुमच्यापेक्षा पाठ — कसा? अहो, मी तान्ही पोर घेऊन इथे आले तेव्हा बायका यायच्या सांत्वनाला, कमळाबाई, समोरच्या खोलीतल्या सगळ्या, आणि यांचं काय बोलायचं ते कोणाला कळायचं नाही. गच्चीवरून पडला माणूस, पडद्याची दोरी सुटली ती बांधायला गेला आणि मागच्या गल्लीत पडला, याच्यावर बोलणार काय? मग त्या सिनेमाचंच सांगायच्या. असा असा चौकात पडदा बांधलेला, अशी अशी गोष्ट चाललेली. गावातली पोर, शहरातला मुलगा, सगळा गाव तिच्यावर चिखल उडवतो आणि ती बिचारी काळोखात नदीत उडी टाकते. सगळ्या बायका रडल्या म्हणे. आणि मग एकदम सनई. लग्न. तिला वाचवतात गो, कमळाबाई सांगायच्या, वाचवतात आणि त्याच्याशीच लग्न लागतं, मुंडावळ्या काय, वाजंत्री काय, आणि ती सनई चालू असतानाच मागून ओरडा झाला, दिवे लागले. एकदा मी विचारलं पण होतं, कमळाबाई, नदीत उडी टाकताना तिच्या गळ्यात मंगळसूत्र होतं म्हणता, मग लग्न नंतर कसं? तर त्या म्हणाल्या, अगो, नदीचं ते स्वप्न असणार, नाहीतर त्या हिंदी लोकांत आधी घालत असतील. हसलो आम्ही. त्या दिवसांत मी हसले असेन तर तेवढंच. खरं सांगू? मला त्या लग्नाचा आधार होता. वाटायचं, आमच्या यांनी जाता जाता सनई तरी ऐकली.

तुम्हाला आठवतं ना हो, शेवट कसा आहे त्याचा? नाही, तुम्ही सांगा. माझं म्हातारीचं काय.

— हां. लग्न आधी. मग तो तिला टाकतो, आणि मग नदी. नदीत संपतो. बरोबर. अगदी बरोबर सांगितलंत, टीव्हीवर तसाच आहे, मी बघितला ना. ती पाण्यात जाते, पाणी हलतं, समाप्त. कोणी वाचवत नाही, सनई नाही, काही नाही. मी श्रेयावर खेकसले, म्हटलं हा दुसरा कुठला तरी आहे, आमच्या चाळीतला नाही, परत लाव. तिनं परत लावला. परत ती बुडाली. मीच मग टीव्ही बंद केला. त्या नटीसाठी नाही हो. मला वाटलं, अख्ख्या चाळीनं मिळून मला फसवलं, बिचारीला बरं वाटावं म्हणून. मग म्हटलं, तसंही नसेल. इतक्या बायका सारखंच खोटं कसं बोलतील? आणि कमळाबाई तर मरेपर्यंत तेच सांगत होत्या, नातवंडांना सुद्धा.

म्हणून मनूकडे गेले. आपला मनू, सिनेमाचं मशीन चालवायचा तो. भायखळ्याला असतो लेकीकडे, पाय सुजलेत पण डोकं शाबूत आहे. त्याला म्हटलं, मनू, तुझ्या त्या सिनेमात लग्न आधी की नदी आधी? तर तो माझ्याकडे बघत बसला आणि मग हसायलाच लागला. म्हणाला, वहिनी, इतक्या वर्षांनी पकडलंत मला. रिळांचे शेवटचे दोन डबे उलटे लागले होते त्याच्याकडून. थोडी घेतलेली होती, आधी नदीचा डबा चढवला, मग लग्नाचा. समाप्त अशी अक्षरं यायला लागली तेव्हा त्याच्या लक्षात आलं, मग भिंगापुढे हात धरला, म्हणाला बसा, बसा, अजून एक डबा आहे. बसले लोक. कोणाला कळलं नाही. त्यालाही बोलायची सोय राहिली नाही, कारण सनई वाजत असतानाच हे असं झालं, आणि मग चाळीत तो सिनेमा अपशकुनी ठरला, परत कोणी लावू दिला नाही. म्हणून सगळ्यांच्या डोक्यात उलटाच राहिला. त्या रात्री जो जो चौकात बसला होता, त्याच्यासाठी ती बाई वाचली, भावोजी. सगळ्यांसाठी.

टीव्हीवर बघितलात म्हणता. नंतर. असेल, असेल की. बघितला असाल.

पण मग तेव्हाचं काय? मी या इथे बसले होते, भिंतीला टेकून, नम्रता मांडीवर. गावाहून येऊन तोंडसुद्धा धुतलं नव्हतं. आणि तुम्ही आलात आणि माझ्या पायाशी बसून रडलात. काय म्हणालात ते मला शब्दन्शब्द आठवतं, तुमच्याही ध्यानात असेल, कारण आदल्या दिवशी फौजदाराला तुम्ही तेच सांगितलं होतंत, मंडळाच्या खोलीत, सगळ्यांच्या देखत. म्हणालात, "वहिनी, मी पुढेच बसलो होतो, पहिल्या रांगेत. ती बाई नदीत गेली, पडदा पांढरा झाला, आणि तेवढ्यात मागून ओरडा झाला." मी कमळाबाईंना म्हटलं, भावोजी तर असं सांगतात. त्या म्हणाल्या, दुःखानं डोकं फिरलंय बाबूचं, जिवाभावाचा दोस्त गेला. मलाही पटलं. फौजदाराला काय, त्याला सिनेमाशी देणंघेणं नव्हतं. पण बाकी सगळी चाळ सनई सनई करते आणि तुम्ही एकटेच नदीवर थांबलेले. हे कसं झालं? मी खूप डोकं चालवलं. एकच मार्ग दिसतो. सिनेमा तुम्ही आधी कधीतरी थेटरात बघितला होता, शेवट ठाऊक होता, आणि त्या रात्री तुम्ही पहिल्या रांगेत नव्हता. मागच्या रांगेतही नव्हता. चौकातच नव्हता.

बसा. कुठे चाललात? दार उघडंच आहे, तुम्हाला कोणी कोंडलं नाहीये. चहा तसाच राहिलाय.

मला एक माहीत होतं, ते मी कोणाला सांगितलं नाही. गावाला सोडायला आले होते हे, एस्टीच्या खिडकीशी उभे होते. गिरणीच्या संपाचे दिवस, घरात डाळ नाही, आणि यांचं तोंड काळवंडलेलं. म्हणाले, आपल्यातलाच एक मालकाच्या माणसांना नावं पोचवतोय, त्याच्यामुळे पोरं उचलली जातायत. मी विचारलं कोण, तर म्हणाले, गणपती होऊ दे, पडद्याच्या रात्री त्याला विचारतो, मग सगळ्यांपुढे बोलतो. नाव नाही सांगितलं. सांगताना डोळ्यांत पाणी होतं हो. मी वेडी, मला वाटलं माझ्यासाठी, मी चालले म्हणून. आता कळतं. परक्या माणसासाठी कोणाच्या डोळ्यांत पाणी येतं? इतकी वर्षं मी चाळीतल्या एकेका गड्याकडे बघून म्हणायचे, हा असेल का, तो असेल का. रामूवर तर माझा पक्का संशय होता, त्याच्या बायकोशी मी साधं बोलले नाही कधी, ती तशीच गेली बिचारी. आणि तुम्ही सकाळी दुधाची पिशवी कडीला अडकवून जायचात.

आणखी सांगू? सांगतेच, आता लाज कसली धरायची. नम्रता शाळेत जायला लागली तेव्हा माझ्या मनात यायचं, भावोजींनी विचारलं तर मी नाही म्हणणार नाही. देवापुढे दिवा लावताना यायचं ते मनात. तुम्ही विचारलं नाहीत, आणि मी म्हणायचे, केवढा मोठा माणूस, मित्राची आठवण राखतो. परवा रात्री ते आठवलं आणि मोरीत जाऊन ओकले मी.

श्रेयाला सांगितलं नाही. नम्रताला तर नाहीच, तिच्या देव्हाऱ्यात तुमचा फोटो आहे. पोलिसांकडे जाऊन मी काय सांगू, साहेब, सिनेमाचे डबे उलटे लागले होते? हसतील. आणि तुम्ही आता उठून माझा गळा दाबलात तरी कोणाला कळायचं नाही, या मजल्यावर राहिलंय कोण, निलेश कामावर गेलाय आणि बाकीच्या खोल्यांना बिल्डरची कुलपं. बघा, हे सुद्धा मीच तुम्हाला सांगतेय. कप खाली ठेवा, सांडेल.

मी फक्त एक केलं. आपला विनीत, मंडळाचा सेक्रेटरी, मागच्या आठवड्यात आला होता, आजी, यंदा गणपतीत जुन्या लोकांसाठी काय करूया, सत्कार तर आहेच. मी म्हटलं, चौकात पडदा बांधा. पूर्वीसारखा पांढरा कपडा, दोरीनं. आणि तो सिनेमा लावा, चाळीचा तो अपशकुन एकदा पुसून टाकू. पोर खूश झाला. त्यानं सगळ्या जुन्यांना फोन केलेत, डोंबिवलीला गेलेले, विरारला गेलेले, सगळे येतायत. मनूला खुर्चीत बसवून आणणारेत, डबे उलटे लागल्याचं त्यानं स्वतः माइकवर सांगायचं असं ठरलंय, लोकांना तेवढीच मजा. ही पत्रिका तुम्ही नीट वाचली नाहीत वाटतं, मागच्या पानावर आहे. आधी सिनेमा. सत्कार त्याच्यानंतर.

ज्या बायका आहेत अजून, त्या बघतील. लग्न होईल आणि त्या म्हणतील, अगो, हे आधीच कसं? मग ती नदीत जाईल आणि दिवे लागतील. आणि मग मनू बोलेल. तेव्हा तुम्ही फौजदाराला काय सांगितलं ते ऐकलेली माणसं आहेत अजून, चार का होईना, आहेत. मी तोंड उघडणार नाही. कोणाला आठवलं तर आठवेल. नाही आठवलं तर माइक तुमच्या हातात असेल, शाल अंगावर असेल, आणि मी समोर बसलेली असेन. नम्रता माझ्या शेजारी. तुम्ही बोला मग काय ते.

येणार नाही म्हणतोस? आजारी पडणार? पड. मग लोक विचारतील, बाबुराव का आला नाही, आणि त्याचं उत्तर मी देईन.

हो, अरेतुरेच करतेय, बाबू. आता भावोजी म्हणवत नाही. आणि माझ्या नवऱ्याचं नाव धोंडू. मी आजवर तोंडानं घेतलं नव्हतं, आपल्यात घेत नाहीत. आज घेते. धोंडूनं त्या रात्री तुला गच्चीवर एकट्याला का बोलावलं ठाऊक आहे? चारचौघांत तुझी अब्रू जाऊ नये म्हणून.

उठ आता. काठी दाराशी आहे. जिना सांभाळून उतर, तिसरी पायरी तुटलीय. विनीतला मी सांगून ठेवलंय, तुझी खुर्ची पहिल्या रांगेत ठेवणारेत. या वेळेला बस तिथे. शेवटपर्यंत बस.