वॉकरचे चार रबर

दवाखान्याच्या बाकावर माझ्याशेजारी नणंद-भावजय बसल्या होत्या. नणंद बॅगेसकट नुकतीच धावत आली होती.

"वहिनी, आई पडलीच कशी? वॉकर होता ना हातात?"

"होता. पण त्याच्या पायांना रबर नव्हते. ओल्या फरशीवर सरळ घसरला."

"गेले कुठे रबर?"

"बाबांच्या रेकॉर्ड प्लेअरखाली. चारही."

"काय?"

"तो फळीवर ठेवलाय ना. घरात कुणी चाललं की फळी थरथरते आणि सुई उडी मारते. खाली रबर दिले की हादरा पोचत नाही."

"म्हणून आईच्या वॉकरचे काढले? डोकं ठिकाणावर आहे का बाबांचं?"

"थांबा ताई. मीही अशीच त्यांच्या अंगावर धावून गेले. त्यांना वाटत होतं, ते रबर मीच विकत आणून बसवले."

"मग काढले कुणी?"

"आईंनी. पलंगावर बसून, वॉकर मांडीवर आडवा घेऊन. स्ट्रेचरवर मला सांगितलं त्यांनी."

"आईने? स्वतःच्या हाताने? अगं, पण का?"

"त्या चालायला उठल्या की बाबा गाणं बंद करायचे. आईंना वाटलं, आपल्या चालण्याने सुई उडते म्हणून करतात."

"मग, त्यासाठीच ना?"

"मीही हेच विचारलं बाबांना. म्हणाले, गाणं चालू असलं तर ती पडल्याचं मला ऐकू कसं येणार?"

"अगं बाई! आणि आज?"

"आज सुई उडाली नाही. आई उठल्याचं त्यांना कळलंच नाही."

"कुठे आहेत बाबा?"

"वर, ऑपरेशनच्या खोलीबाहेर. दाराला कान लावून उभे आहेत."