कप्तान ओरडतो फार

तुळशी : मरताना एवढा बोलतो कोण? छातीतून किरण आरपार गेलाय, नि म्हातारा आपला ताऱ्यांची नावं सांगतोय. चार मिनिटं. मोजली मी. तेवढ्यात दुसरा एक मेला असता.

रचना : आई, तो जहाजाचा इंजिनवाला आहे. कप्तानाला शेवटचं सांगतोय.

तुळशी : सांगू दे की, पन थोडक्यात सांग म्हनावं. आनी कप्तानाला आई न्हाय, त्या निळ्या केसांच्या पोरीला आई न्हाय. जपानात पोरं काय झाडाला लागतात?

रचना : बाबा, तुम्ही बोला. ह्या जपानी कार्टूनचे बाराचे बारा भाग बघितलेत. मराठीत कप्तानाला आवाज माझा आहे म्हणून सूट देऊ नका.

हरेश्वर : जहाज चांगला हाय. ज्यानं काढलाय त्यानं बोटी बघितल्यात. दोर जिथं घासतो तिथंच रंग उडालाय. गंज वरशी खाली ओघळलाय. आता आभाळात गंज खाली कशाला ओघळंल, पन बरा दिसतो.

रचना : आणि गोष्ट?

हरेश्वर : धरून ठेवते. सातव्या भागाला मी जाला शिवायचा थांबलो.

तुळशी : थांबले कुठं! फाटकं सोडून धडकं शिवत बसले होते.

रचना : बरं, आता उणिवा.

हरेश्वर : कप्तान पुढं उभा ऱ्हातो. आमच्या बोटीवर तांडेल, म्हंजे कप्तानच, मागं असतो, सुकाणूपाशी. मागं असला तरच त्याला आपली मानसं दिसतात.

तुळशी : बारा भागांत कोन जेवला न्हाय. नुसत्या गोळ्या गिळतात.

हरेश्वर : आनी कप्तान ओरडतो फार.

तुळशी : अवो, ओरडते ती ही! आपली पोर!

हरेश्वर : सूट देऊ नका म्हनाली.

रचना : नाही आई, बरोबर आहे त्यांचं. आमच्या डायरेक्टरनंही तेच सांगितलं. नवीन बारा भाग येतायत. त्यात कप्तान मोठा झालाय, बावीस वर्षांचा. लहान पोराचा आवाज बाई काढते, बाप्याचा कोण काढू देतंय? ते पुरुष कलाकार शोधतायत. मी हातापाया पडून एक संधी मागितली. एकच वाक्य बोलून पाठवायचंय. आज पाचच्या आत.

तुळशी : आनी हे आता सांगतेस? काल आलीस, माझ्यासंगं कोलंबी सोलत बसलीस, शहरातल्या तुझ्या बिऱ्हाडाच्या पंख्याचं रडगाणं सांगितलंस, नि हे पोटात ठेवलंस?

रचना : कुणाची पोर आहे मी! ऐका. जहाजाचं इंजिन बंद पडलंय. हवा दोन दिवस पुरेल एवढीच. कप्तान सगळ्यांना म्हणतो, ‘घाबरू नका! आपण घरी जाणार आहोत!’ चाळीस वेळा करून बघितलं. खोटं वाटतं.

हरेश्वर : खोटाच हाय. घाबरू नका म्हनला की जो घाबरला नसंल तोपन घाबरतो.

रचना : मग तांडेल काय म्हणतो?

हरेश्वर : मी तं म्हनलेला, चाय ठेव.

तुळशी : कधी?

हरेश्वर : असाच.

तुळशी : असाच कसा? तुमचं इंजिन कधी बंद पडलं?

हरेश्वर : खांदेरी बेटाच्या भायेर, दर्यात. रचना बारावीला होती तवा.

तुळशी : मला सांगितलं होतं, थळला भाच्याच्या हळदीला थांबलो.

हरेश्वर : हलद होतीच की त्याची.

रचना : आई, जरा थांब. बाबा, काय झालं तेव्हा?

हरेश्वर : काय व्हायाचा? वायरलेस मेला, बोट वाहात चालली. पाच जन आमी. आमचा खलाशी नामा मोठमोठ्यानं देवाचं नाव घ्यायला लागला. त्याचा बघून बाकीचे. मी म्हनलो, नामा, चाय ठेव. आनी साखर कमी घाल, परवाला पन लागंल.

रचना : मग?

हरेश्वर : मंग काय. परवा हाय म्हनल्यावर गप झाला नामा. साखरेवरनं माझ्याशी भांडला पन.

रचना : तुम्हाला खात्री होती, परवा आहे म्हणून?

हरेश्वर : कसली खात्री! मी पन देवाचं नाव घेत होतो, तोंडातल्या तोंडात. तांडेल मागं असतो तो त्याच्यासाठीच. मागं वलून कोन बघत न्हाय.

रचना : बोलू नका आता कुणी. (फोन तोंडाजवळ धरून) घाबरू नका. आपण घरी जाणार आहोत.

हरेश्वर : अजून खाली. कोनाला धीर देऊ नको. नुसता सांग.

रचना : घाबरू नका. आपण घरी जाणार आहोत.

हरेश्वर : हां.

रचना : आई?

तुळशी : मी त्या बोटीवर असते तर गप बसले असते. आनी मी काय गप बसनारी न्हाय.

रचना : हेच पाठवते. ...गेलं.

हरेश्वर : घेतील?

रचना : काय माहीत. पण हे खोटं नव्हतं.

तुळशी : आठ दिस बोलले न्हवते मी तुमच्याशी. त्या हळदीवरनं.

हरेश्वर : व्हय.

तुळशी : ताट ठेवायची नि पाठ फिरवायची. तवा तरी सांगायचं.

हरेश्वर : न्हाय बोललीस ते बरा झाला. एक शबूद बोलली असतीस, तं सगला सांगून टाकला असता.