पार्किंग वाचलं, शैलजा निघाली

आजच्या समारंभाचे आणि आपल्या मराठी मंडळाचेही अध्यक्ष माननीय गुरुनाथराव, त्यांच्या शेजारी बसलेले सल्लागार मोरेश्वरराव, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते शैलजा आणि देवदत्त, समोरच्या वहिनी, काका, काकू, आणि मागे बास्केटबॉलच्या रिंगखाली बसून मराठी कळत असल्याचा चेहरा केलेली आमची मुलं, तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

"सुलेखाकाकू, तुम्ही सगळ्यात सीनियर. दोन गोड शब्द बोला," असं गुरुनाथरावांनी मला फोनवर सांगितलं. पण गोड शब्द निमंत्रणाच्या ईमेलमध्येच संपले आहेत. त्यात लिहिलंय, "उज्ज्वल भवितव्यासाठी हे दांपत्य ऑरेगॉनमधल्या पोर्टलंडला प्रयाण करीत आहे." उज्ज्वल भवितव्य? देवदत्तला तिथली नोकरी इथल्यापेक्षा लहान आहे. मग ही दोघं का चालली आहेत? या हॉलमधल्या प्रत्येकाला ते माहीत आहे, आणि म्हणूनच मला गोड बोलायला सांगितलंय.

देवदत्त आला तेव्हापासून सायकलने ऑफिसला जातो. शिकागोच्या या उपनगरात हे म्हणजे मोठं अजब. आपल्यातला कोणी ना कोणी गाडी थांबवून, काच खाली करून विचारणारच, "काय रे, गाडी बंद पडली का? राइड देऊ?" त्यात माया होती, नाही म्हणत नाही. पण काच वर गेल्यावर गाडीत काय बोलणं व्हायचं तेही मी मागच्या सीटवर बसून ऐकलेलं आहे. "यार, एवढा पगार आहे, एक सेकंडहँड कोरोला तरी घे ना!"

शैलजाचं त्याहून वेगळं. ती डिपेंडंट व्हिसावर. नोकरी करायची परवानगी नाही, घरात गाडी नाही, बस तासाला एक, तीही रविवारी नाही. तिला लायब्ररी, किराणा आणि आपल्या मुलांची रविवारची मराठी शाळा एवढ्या तीनच जागा. तिन्ही आपण आत्ता ज्या शाळेच्या हॉलमध्ये बसलोय, तिच्यासमोरच्या रस्त्यावर. या रस्त्यावर लोक पंचेचाळीसचा बोर्ड वाचून साठने जातात. ती कडेकडेने सायकल चालवत यायची आणि तुमच्या मुलांना फुकट बाराखडी शिकवून परत जायची.

गेल्या वर्षी आपल्या गावाच्या इंजिनियरांनी या रस्त्यावर बाइक लेन, म्हणजे सायकलींसाठी वेगळी पट्टी, आखायचं ठरवलं. नुसता पांढरा पट्टा नव्हे, मध्ये कठडा घालून. त्यासाठी शाळेसमोरचं रस्त्यालगतचं पार्किंग जाणार होतं. झालं! आपलं मंडळ असं खडबडून जागं झालं, की मराठी शाळेला शिक्षक मिळत नव्हते तेव्हासुद्धा झालं नव्हतं. गणपतीला गाड्या कुठे लावायच्या? दिवाळीला कुठे लावायच्या? वर्षातल्या दोन वीकेंडांसाठी माणसं सूट घालून जाहीर सुनावणीला हजर!

मीही होते. आपले अध्यक्ष माइकपाशी गेले आणि म्हणाले, "वी आर अ प्रोफेशनल कम्युनिटी. वी ऑल ड्राइव्ह. अवर पीपल डिड नॉट कम टू अमेरिका टू राइड बायसिकल्स." मागून टाळ्या. लेन मागायला आलेले देवदत्त आणि शैलजा तिसऱ्या रांगेत बसले होते. त्यांच्या मांडीवर हेल्मेटं होती.

गुरुनाथराव, तुमच्या वडिलांना मी पुण्यात ओळखत होते. सदाशिव पेठेतून खडकीच्या कारखान्यात ते रोज सायकलने जात. पुढच्या दांड्यावर तुम्हाला बसवून आधी शाळेत सोडत. या हॉलमधल्या निम्म्या पुणेकरांची शिक्षणं तशाच एखाद्या सायकलवर झाली आहेत. आणि इथे येऊन आपण गोऱ्या लोकांना सांगतो, की सायकल ही आमच्यातली गोष्टच नव्हे! कुणाला फसवत होतो आपण? ते बिचारे लेन द्यायला निघाले होते हो!

त्या दिवशी मी उठून लेनच्या बाजूने बोलले. नंतर मोरेश्वरराव मला म्हणाले, "काकू, बाहेरच्यांपुढे आपली युनिटी दिसायला हवी होती." दिसली. समाजाचाच विरोध आहे म्हणून गावाने लेनचा बेत बाजूला ठेवला.

सप्टेंबरमध्ये, याच शाळेच्या फाटकापाशी, उजवीकडे वळणाऱ्या एका व्हॅनने शैलजाला पाडलं. मांडीचं हाड मोडलं. व्हॅनवाला म्हणाला, "आय डिडन्ट सी हर." खरंच असेल. रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांग उभी होती, गणपतीच्या रिहर्सलला आलेल्यांची. आपलं वाचवलेलं पार्किंग.

मग आपण काय केलं? डबे! पाळ्या लावून महिनाभर डबे. प्रत्येक डबा स्वतंत्र एसयूव्हीतून गेला. डबे चांगले होते, बटाट्याची भाजी जरा जास्त झाली इतकंच. घरी मी हे कौतुकाने सांगत होते, तर माझी निधी, इथेच जन्मलेली, म्हणाली, "आई, यू गाइज विल डू एनीथिंग फॉर हर एक्सेप्ट द वन थिंग शी आस्क्ड फॉर." तुम्हाला याचं उत्तर सुचलं तर चहाच्या वेळी सांगा.

शैलजा आता काठी घेऊन चालते. सायकलवर बसायची तिला भीती वाटते आणि कुणाकडे राइड मागायची लाज. सहा महिने ती घरातच आहे. एरवी कधी आवाज न चढवणारा देवदत्त मला म्हणाला, "काकू, जिथे ती एकटी दाराबाहेर पडू शकेल तिथे मला तिला न्यायचंय." पोर्टलंडला म्हणे सायकलला वेगळी वाट आहे आणि बस-ट्रामही भरपूर. हे त्यांचं उज्ज्वल भवितव्य. मला ऐकताना शरम वाटली आणि तुम्हालाही वाटावी अशी माझी इच्छा आहे.

तर आज आपण शाल देतोय, नारळ देतोय, "समाजसेवेबद्दल" अशी अक्षरं कोरलेली ट्रॉफी देतोय. द्या. मंगळवारी लेनचा विषय गावाच्या सभेत परत येतोय. ज्यांना टाळ्या वाजवायची हौस आहे त्यांनी तिथे यावं. तिथे पार्किंग मुबलक आहे.

शैलजा, देवदत्त, तुम्ही इतकी वर्षं आमच्यात राहिलात याबद्दल मी तुमचे मनापासून आभार मानते. हॉल देणाऱ्या शाळेचे आभार, माइक अजून बंद न करणाऱ्या स्वयंसेवकांचे आभार. बोलण्याच्या ओघात माझा तोल गेला असेल तर सभागृहाने मला क्षमा करावी. बाकी ज्यांना स्वतःसाठी क्षमा मागायची असेल, त्यांनी माझ्याकडे येऊ नये. शैलजा पहिल्या रांगेत बसली आहे. काठी टेकत तुमच्यापर्यंत येणं तिला जड जातं, तुम्हालाच चालत जावं लागेल.