कोणत्या देशाचं लाकूड

दवाखान्याच्या बाकावर एक बाई देवाचं नाव घेत बसल्या होत्या. शेजारी वखारीतला करवतीवरचा मिस्त्री आणि त्याचा मेहुणा बोलत होते.

“दाजी, वीस वर्षांपूर्वी टणक लाकूड कुठून यायचं हो?”

“दहातल्या नऊ गाड्या बेटांच्या देशातल्या, एक डोंगराळ देशातली. बेटांवरची जंगलं संपली. आता नऊ डोंगराळ देशातल्या.”

“तुम्ही म्हणे डोळे मिटून देश सांगायचात.”

“मालक कागद नंतर बघायचा, आधी मला हुंगायला लावायचा. त्याच लाकडांच्या भुशानं नाकात गाठ झाली. वास येत असेल तर गाठ वर मेंदूकडे सरकलेली नसेल, असं डॉक्टर म्हणालेत.”

“मग हे दोन तुकडे हुंगा बघू. वखारीतनंच आणलेत.”

मिस्त्री बराच वेळ हुंगत राहिला.

“डावा बेटांवरचा. उजवा डोंगरातला.”

“बरोबर, दाजी. नाक शाबूत आहे तुमचं.”

तेवढ्यात मिस्त्रीचा नंबर पुकारला. तो ताठ मानेनं आत गेला.

“अगदी अचूक ओळखलं हो त्यांनी,” शेजारच्या बाई मेहुण्याला म्हणाल्या.

“दोन्ही एकाच फळीचे आहेत, ताई.”

दार पुरतं लागलं नव्हतं. आतून मिस्त्रीचा आवाज आला, “डॉक्टर, मला वास येतोय.”