वळणावरचा माणूस हलवायचा नसतो

काकू, आप्पांच्या लेकींनो, गावकरी मंडळी आणि आमच्या गँगमधल्या गड्यांनो,

या मठात मी याआधी कधी माईक धरला नाही. आज धरवत नाही. पण बोलायलाच पाहिजे. आता खाली बसलो तर पुन्हा उठणार नाही.

माझ्याआधी तिघं बोलले. तिघंही म्हणाले, आप्पा शूर होते. रुळावर राहिलेली पहार त्यांनी गाडीसमोर जाऊन बाजूला फेकली, गाडी वाचवली, स्वतः गेले. खरंय. शब्दन् शब्द खरंय. पण मंडळी, आप्पा इथं असते तर चिडले असते.

रेल्वेचे रूळ दुरुस्त करणाऱ्या त्यांच्या गँगचा मी मुकादम. शाळा सातवीपर्यंत. नियमाचं पुस्तक मात्र शब्दकोश घेऊन एकट्यानं वाचलं. आज साहेबसुद्धा कलम मला विचारतात. पण झालेला अपघात कसा वाचायचा, ते आप्पांनी शिकवलं. मागं सामानाची ट्रॉली घसरली तेव्हा मी तावातावानं म्हणालो, "भीमाची चूक. डुलकी लागली त्याला."

आप्पा म्हणाले, "लागली की. पर त्याला लागोपाट दुसरी पाळी कुनी करायला लावली? मुकादम, चुकलेला मानूस घावला की तुमी खूश होऊन घरी जायलाव. त्याच्या आदी काय झालं ते इचारा. आन् त्याच्याबी आदी."

तर आज विचारतो. आप्पा माघारी का धावले? पहार रुळावर राहिली होती. का राहिली? उचलायला वेळ मिळाला नाही. का नाही मिळाला? गाडी अंगावर आली तेव्हा कळलं. का? वळणावर लाल झेंडी आणि शिट्टी घेऊन उभा राहायचा माणूस जागेवर नव्हता.

तो माणूस म्हणजे आप्पाच. त्यांना तिथून मी हलवलं.

गंजलेला बोल्ट हलत नव्हता. मी ओरडलो, "आप्पा, दोनच मिनिटं या, पान्याला हात लावा."

ते तिथूनच म्हणाले, "मुकादम, पुस्तक तुमचं तोंडपाट हाय ना? वळनावरचा मानूस हलवायचा नसतोय."

गडी हसले. मला ते लय लागलं. म्हणालो, "पुस्तक मला शिकवू नका. या."

आले.

परवा मी अंतर मोजायची टेप घेऊन तिथं गेलो. आप्पांच्या जागेवरून गाडी लांबूनच दिसते. आम्ही होतो तिथून नुसत्या बाभळी दिसतात.

उद्या चौकशीत माझा जबाब आहे. काही गडी म्हणायलेत, "तोंड उगडू नगा. आप्पा तर गेले, तुमची नोकरी कशापायी घालवता?" मी गप्प बसलो तर कागदावर एवढंच राहील: कर्मचारी स्वतःहून रुळावर गेला. आणि दुसऱ्या कुठल्या तरी वळणावर दुसरा मुकादम अशीच हाक मारील.

म्हणून काकू, उद्या सांगायचं ते आज आधी तुमच्यासमोर सांगितलं. माफी मागत नाही. तेवढं तोंड मला नाही.

आप्पा, शेवटचा नमस्कार. शरणार्थ.

आता दोन मिनिटं उभे राहू या. पुरी दोन. घड्याळ मी बघतो. मधे कुणी कुणाला हाक मारू नका.