तोंडावर वजरी

तुमचं स्क्रबचं चाललंय म्हणून आठवलं. धाकट्या बहिणीचं लग्न आठवड्यावर आलं होतं. व्हिडिओवाला पारोळ्याच्या घरी येऊन सांगून गेला, "कॅमेरा एकदम भारी आहे, चेहऱ्यावरचा तीळसुद्धा दिसेल." आईच्या गालांवर वांगाचे डाग. तिने ते ऐकलं, सरळ न्हाणीत गेली आणि टाचा घासायच्या वजरीने तोंड घासून आली. गाल लालबुंद, सोललेले.

मी ओरडलेच, "आई, हे काय केलंस?"

"टाचना मळ निंघस, मंग तोंडना डाग का बरं नही?"

धुळ्याच्या डॉक्टरीणबाई आधी हसल्या, मग जवळून बघायला लागल्या. म्हणाल्या, "मावशी, वांग म्हणजे मळ नाही. घासलं की आणखी काळं पडतं. बरं होईपर्यंत तोंड घासू नका, उन्हात पदर घ्या. पुढे कधी घासलंच तर आठवड्यातून एकदा, ओल्या बोटांनी, बाळाचं तोंड पुसतो तसं."

आईने पदर घेतला तो मंडपातसुद्धा, गालांवरून पार डोळ्यांपर्यंत. आम्ही तिला नवी नवरी म्हणून चिडवत होतो.

यंदा आई गेली. भिंतीवर लावायला फोटो शोधत बसलो. आधार कार्डावरच्या फोटोत ती ओळखूच येत नाही. लग्नाच्या फोटोंत आई सगळीकडे आहे, आणि सगळीकडे पदर. धाकटी मोबाइलवर एकेक फोटो बोटांनी मोठा करून बघत होती.

म्हणाली, "अक्का, एक तरी डाग दिसू दे गं."